‘द चॉकलेट वॉर’ : नकार आणि हजेरी



आज एकाच पुस्तकाविषयी बोलायचं आहे. रॉबर्ट कॉर्मिअर या अमेरिकन लेखकाची ‘द चॉकलेट वॉर’ ही कादंबरी १९७४ साली प्रसिद्ध झाली. कुमारवयीन वाचकांसाठी म्हणून छापलेली, फार जाडही नाही. एका कॅथलिक हायस्कुलात शाळेच्या मदतीसाठी चॉकलेटचे डबे विकायचे असतात, एक मुलगा नाही म्हणतो, आणि शेवटी त्या मुलाला रुग्णवाहिकेतून न्यावं लागतं. कथानक एवढंच. बऱ्याच जणांनी ती वाचली नसेल असं धरून चालतो. गोष्ट आधी कळल्यानं या पुस्तकाचं काही बिघडत नाही.

या कादंबरीवर गेली पन्नास वर्षं दोन बाजूंनी बोललं जातं. एक बाजू म्हणते, हे पुस्तक मुलांना निराश करतं, त्यात दुष्टांना शिक्षा होत नाही, भाषा वाईट आहे, ते शाळेच्या ग्रंथालयात नको. अमेरिकन लायब्ररी असोसिएशन दरवर्षी सर्वाधिक हरकती आलेल्या पुस्तकांची यादी काढते. २००४ च्या यादीत ही कादंबरी पहिली होती. दुसरी बाजू म्हणते, ही एकट्या माणसाच्या धैर्याची गाथा आहे, व्यक्ती विरुद्ध व्यवस्था. माझं म्हणणं असं की दोन्ही बाजू पुस्तकाचा शेवट वाचतात आणि मधला भाग नुसता चाळतात. खरा प्रश्न त्या मधल्या भागात आहे. जिथं ‘आपण सगळे एक कुटुंब’ असं रोज सांगितलं जातं, तिथं छळ कशाच्या बळावर चालतो?

आधी गोष्ट नीट सांगतो.

न्यू इंग्लंडमधली ‘ट्रिनिटी’ ही मुलांची शाळा. चालवणारे ‘ब्रदर’ आहेत. मुंबई-पुण्याच्या मिशनच्या शाळांत शिकलेल्यांना हे सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो : ब्रदर म्हणजे व्रतस्थ, संघात राहणारा, पण पौरोहित्याची दीक्षा न घेतलेला. मुख्याध्यापक आजारी असल्यानं ब्रदर लिऑनच्या हाती कारभार आहे. त्यानं शाळेच्या पैशातून चॉकलेटचे २०,००० डबे घेऊन ठेवले आहेत. मुलं ४००. म्हणजे प्रत्येकी ५० डबे, दोन डॉलरला एक. आदल्या वर्षीपेक्षा डबे दुप्पट, किंमतही दुप्पट. माल मदर्स डेचा उरलेला, जांभळ्या फिती काढून टाकलेला. विक्री झाली नाही तर लिऑन अडचणीत येणार.

शाळेत मुलांची एक गुप्त मंडळी आहे, ‘व्हिजिल्स’. शाळा ती आहे असं मान्य करत नाही आणि ती नाही असंही वागत नाही. आर्ची कॉस्टेलो हा तिचा डोकेबाज. तो स्वतः कुणाला हात लावत नाही. मुलांना ‘कामगिऱ्या’ नेमून देतो. एका मुलाला रात्री वर्गात जाऊन बाकांचे आणि खुर्च्यांचे स्क्रू सैल करायला लावतो. सकाळी अख्खा वर्ग कोसळतो आणि ब्रदर यूजीन हे हळवे शिक्षक त्या धक्क्यातून सावरत नाहीत. जेरी रेनॉ या नवख्या मुलाला कामगिरी मिळते ती अशी : दहा दिवस चॉकलेट विकायला नकार द्यायचा, मग होकार. दहा दिवस होतात. अकराव्या दिवशी जेरी पुन्हा ‘नाही’ म्हणतो. आता हा नकार त्याचा स्वतःचा झाला. का, ते त्यालाही धड सांगता येत नाही.

त्यानंतर लिऑन आर्चीची मदत मागतो आणि व्हिजिल्स विक्रीची ‘लाट’ तयार करतात. जेरीला घरी निनावी फोन येतात, लॉकरची नासधूस होते, त्याच्याशी कुणी बोलत नाही, मग टोळीकडून मार बसतो. शेवटी मैदानावर रात्रीची झुंज ठरते. तिकिटं विकली जातात आणि कुणी कुठं ठोसा मारायचा हे तिकीट घेणारा लिहून देतो. सगळी शाळा बघायला येते.

आता मधल्या भागाकडे येऊ.

सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. वर्गात लिऑन बेली नावाच्या हुशार, गरीब मुलाला पुढं बोलावतो आणि त्याच्यावर कॉपीचा आरोप करतो. पुरावा काय, तर सगळ्या परीक्षांत इतके गुण मिळतातच कसे? त्याच्या हातातली छडी मुलाच्या गालावर बसते. चुकून, असं तो म्हणतो. वर्ग आधी हसतो, मग गप्प होतो. बऱ्याच वेळानं मागून कुणीतरी म्हणतं, सोडा त्याला. तेव्हा लिऑन वर्गाकडे वळतो आणि मुलांनाच झापतो. मी एका निरपराध मुलाला छळत होतो आणि तुम्ही बघत बसलात. हा वर्ग नाझी जर्मनी झाला होता. खरा निघाला तो एकटा बेली.

हा प्रसंग नीट बघा. लिऑननं जे सांगितलं ते शब्दशः खरं आहे. बघ्यांची जबाबदारी असते, हा धडा आज जगभरच्या शाळांत दिला जातो. पण तो धडा देतोय कोण, आणि कशासाठी? छळाविरुद्धचं प्रवचन इथं छळाचंच दुसरं हत्यार आहे. मुलं त्यातून शिकतात ते इतकंच की या माणसापुढं बोललो तरी फसलो, गप्प राहिलो तरी फसलो. शाळेनं दिलेल्या नीतिपाठाचं मोल तो देणाऱ्याच्या वागण्यावर ठरतं, हे कॉर्मिअरनं कुठंही न सांगता दाखवलं आहे. बुलिंगविरोधी सप्ताह साजरा करणाऱ्या प्रत्येक संस्थेनं हे एक प्रकरण तरी वाचायला हवं.

आपण मराठीत बुलिंगला ‘दादागिरी’ म्हणतो. शब्द चांगला आहे, पण तो फक्त दादावर बोट ठेवतो. भोवती उभे असलेले चाळीस जण त्या शब्दात येतच नाहीत. नॉर्वेजियन मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी १९७० च्या दशकात शाळेतल्या छळाचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. पुढं फिनलंडमध्ये क्रिस्टिना साल्मिव्हाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली वर्गातल्या भूमिका मांडल्या : छळणारा, त्याला हात देणारा, हसून बळ देणारा, बाजूला राहणारा, पीडिताच्या मदतीला येणारा आणि स्वतः पीडित. गंमत म्हणजे कॉर्मिअरच्या कादंबरीत या सहाही भूमिका आहेत, आणि त्यातली सर्वांत रिकामी जागा मदतीला येणाऱ्याची आहे.

ती जागा रिकामी का राहते? मुलं वाईट आहेत म्हणून? नाही. आपलं पुस्तकानं दिलेलं उत्तर आहे हजेरी.

रोज सकाळी वर्गात लिऑन नावं पुकारतो. प्रत्येकानं आपण किती डबे विकले ते सांगायचं. विक्री ‘ऐच्छिक’ आहे, हे तो आवर्जून म्हणतो. पण नाव पुकारलं जातं सगळ्यांदेखत. होकार देणाऱ्याला काहीच करावं लागत नाही, तो प्रवाहाबरोबर असतो. नकार देणाऱ्याला मात्र रोज नव्यानं उभं राहावं लागतं. आपल्याकडच्या शाळांतही जत्रेची कुपनं, रॅफलची तिकिटं, कसलेसे निधी असतात. त्यातलं सगळं वाईट नसतं. या शाळांना पैसा लागतो हेही खरं. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या मध्यास कॅथलिक शाळांत ५० लाखांहून अधिक मुलं होती. नंतर संख्या घसरली, फुकट म्हणावं इतक्या कमी खर्चात शिकवणारे ब्रदर आणि सिस्टर्स कमी झाले, पगारी शिक्षक वाढले. चॉकलेटच्या मागं हा हिशेब आहे. प्रश्न निधीचा नाही. ‘स्वेच्छा’ आणि ‘हजेरी’ एका वाक्यात आल्या की स्वेच्छेचं काय होतं, हा प्रश्न आहे.

हॅना आरेंट यांनी १९६४ साली हुकूमशाहीतल्या वैयक्तिक जबाबदारीवर लिहिताना एक मुद्दा मांडला. मोठ्या माणसांच्या बाबतीत ‘तू आज्ञा का पाळलीस’ असं विचारू नये, ‘तू पाठिंबा का दिलास’ असं विचारावं. आज्ञापालन हा शब्द लहान मुलांना शोभतो. मग शाळेतल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचं काय? ती धड मूल नाहीत, धड मोठी नाहीत. ट्रिनिटीत त्यांच्याकडून पाठिंबा घेतला जातो, आणि नाव त्याला आज्ञापालनाचं दिलं जातं. ‘स्कूल स्पिरिट’ हा शब्द तिथं यासाठीच वापरतात.

आता मला या कादंबरीतला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मुलगा. जेरी नव्हे, त्याचा मित्र रोलंड गुबर्ट. सगळे त्याला ‘गूबर’ म्हणतात. बाकांचे स्क्रू त्यालाच काढायला लावले होते, आणि ते त्याला आत कुठंतरी खातंय. तो ठरवतो, आपणही विक्री थांबवायची. २७ डब्यांवर थांबतो. कुणाला सांगत नाही. जेरीलाही पुरतं कळत नाही. मग एके दिवशी व्हिजिल्सची मुलं त्याच्या नावावर ५० डबे पुरे झाल्याची नोंद करतात, जाहीर करतात, टाळ्या पडतात. आता त्यानं फक्त एवढंच म्हणायचं होतं, ‘हे खोटं आहे, मी विकले नाहीत.’ तो म्हणत नाही. मनात त्याला पक्कं ठाऊक आहे की हा विश्वासघात आहे. तो घरी जाऊन आजारी पडतो.

मंडळी, विद्यार्थ्यांनी छळाविरुद्ध काय करावं या प्रश्नाचं मर्म मला इथं दिसतं. गूबर भित्रा नाही. त्यानं काहीतरी सोडलंय, किंमत मोजायची तयारी केली आहे. पण त्याची साथ खासगी आहे. खासगी साथ हिशेबाच्या वहीत एका आकड्यानं पुसता येते. जेरीच्या बाजूला जाहीरपणे दुसरा एक जण उभा राहिला असता, तर ‘एक विक्षिप्त मुलगा’ हे वर्णन टिकलं नसतं. दोन माणसांच्या नकाराला कारण विचारावं लागतं. एकाच्या नकाराला नुसतं नाव ठेवून भागतं.

इथं मी पुस्तकाबाहेरची एक गोष्ट सांगतो. कॉर्मिअर मॅसॅच्युसेट्समधल्या लेमिन्स्टरचे, १९२५ चा जन्म, फ्रेंच-कॅनेडियन कॅथलिक वस्तीत वाढलेले, चर्चच्या शाळेत शिकलेले, अनेक वर्षं वृत्तपत्रात नोकरी केलेले. या कादंबरीचं बीज त्यांच्या घरात पडलं. त्यांचा मुलगा कॅथलिक हायस्कुलात होता, तिथं चॉकलेटविक्री होती आणि मुलानं डबे परत केले. पुढं काय झालं? काहीच नाही. घरात बोलणं झालं, वडील पाठीशी राहिले, शाळेनं ऐकून घेतलं. कॉर्मिअरच्या मनात मात्र प्रश्न राहिला : हे असं झालं नसतं तर?

मग कादंबरी म्हणजे एक वजाबाकी आहे. खऱ्या घटनेतून त्यांनी एकेक आधार काढून घेतला. जेरीची आई नुकतीच वारली आहे. वडील आहेत, पण दुःखानं बधिर. दिवस कसे गेले विचारलं तर ‘ठीक’ म्हणतात. मुख्याध्यापक आजारी. ऐकून घेणाऱ्याच्या जागी लिऑन बसवला. भला शिक्षक, ब्रदर जॅक्स, मैदानावरचे दिवे बंद करायला येतो, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. आणि लिऑन सगळं दुरून बघत उभा होता. मित्र आजारपण झटकून मैदानावर पोचतो, तो थोपवण्यासाठी नव्हे, फक्त साक्षी म्हणून. एवढं सगळं वजा केल्यावर बाकी उरतो एक मुलगा आणि त्याचा नकार. तो मोडतो. शेवटी तो मित्राला सांगू बघतो की सांगतात ते कर, जगाला धक्का द्यायला जाऊ नकोस.

‘प्रतिकार व्यर्थ आहे’ असं या उत्तरावरून अनुमान काढणं तर्कदृष्ट्या चूक आहे. पाणी, माती, ऊन काढून घेऊन बी लावलं आणि ते उगवलं नाही, तर बी खोटं ठरत नाही. १९८८ साली कीथ गॉर्डन यांनी यावर चित्रपट केला, त्यात शेवट बदलला. तिथं झुंजीत जेरी आर्चीला हरवतो. पण झुंज तीच, टाळ्या त्याच, प्रेक्षक तेच. जिंकूनही तो त्यांच्याच खेळात सापडला. त्यामुळं मला कादंबरीचा शेवट अधिक प्रामाणिक वाटतो.

पण टीकाकाराचं काम नुसती वकिली करण्याचं नसतं. या कादंबरीवर माझे दोन आक्षेप आहेत.

पहिला. ही कॅथलिक शाळा आहे, आणि इथं धर्म जवळजवळ नाहीच. मैदानावरच्या गोलपोस्टच्या सावल्या रिकाम्या क्रुसांसारख्या पडतात, ही प्रतिमा पहिल्या काही पानांतच येते आणि ती विसरता येत नाही. पण प्रार्थना, मिस्सा, पापनिवेदन यांना इथं काहीच वजन नाही. हा धर्म या मुलांच्या मनात कुठंतरी टोचत असेल, त्याचा आधार किंवा निदान अपराधभाव असेल, याचा शोध नाही. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं शिक्षणावर जे घोषणापत्र काढलं, त्यात कॅथलिक शाळेचं वैशिष्ट्य काय सांगितलं आहे? स्वातंत्र्य आणि प्रेम यांच्या शुभवर्तमानी वृत्तीनं भारलेलं सामुदायिक वातावरण. स्वातंत्र्य हा शब्द तिथं प्रेमाच्या बरोबरीनं आहे. नऊ वर्षांनी आलेल्या कादंबरीत त्या आदर्शाचा नुसता सांगाडा आहे. आदर्श समोर उभा केला असता तर त्याचा भंग अधिक झोंबला असता.

आणि त्या परंपरेत साधनं नाहीत असंही नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी ‘बंधुभावानं केलेली दुरुस्ती’ या कर्तव्यावर सविस्तर लिहिलं. कनिष्ठानं वरिष्ठाची चूक दाखवावी का, असा प्रश्न त्यांनी घेतला आहे आणि उत्तर ‘होय’ आहे. उद्धटपणे नव्हे, आदर राखून, शक्यतो एकांतात. पण श्रद्धेलाच धोका असेल तर जाहीरपणेही. दाखला दिला आहे पौलानं पेत्राला तोंडावर विरोध केला त्याचा. म्हणजे ‘ब्रदर, तुम्ही बेलीशी वागलात ते चूक होतं’ हे वाक्य त्या शाळेच्या धर्मात बसणारं आहे. ट्रिनिटीच्या एकाही मुलाला ते कुणी शिकवलेलं नाही. जेरीकडं नकार आहे, पण नकाराची भाषा नाही. त्याच्या लॉकरमध्ये एक पोस्टर आहे, समुद्रकिनाऱ्यावर चालणारा एकटा माणूस. धैर्याचं चित्र म्हणून त्याला मिळालेलं आहे ते एवढंच, आणि त्यात दुसरं माणूस नाही.

दुसरा आक्षेप असा की वजाबाकी झाली आहे हे वाचकाला दिसत नाही. चाळिशीच्या माणसाला दिसेल. चौदा वर्षांच्या, एकट्यानं वाचणाऱ्या मुलाला वाटू शकतं की जग असंच असतं. ही पालकांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. पण तिच्यावरचा उपाय पुस्तक कपाटाबाहेर काढणं हा नाही. तसं केलं तर मूल ते लपून, एकट्यानं वाचेल, म्हणजे आपण त्याला जेरीच्याच जागी नेऊन बसवू. पुस्तक वर्गात वाचावं आणि मुलांना विचारावं : कोणत्या दिवशी, कोण, काय बोललं असतं तर हे थांबलं असतं? प्रत्येक प्रकरणात अशी एक जागा आहे. त्या जागा मोजणं हाच या पुस्तकाचा अभ्यास.

१९७४ नंतर जग काही शिकलं का? थोडं शिकलं. कॉर्मिअर यांच्याच मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१० साली कायदा झाला. खासगी शाळांसकट प्रत्येक शाळेला बुलिंग रोखण्याची लेखी योजना करावी लागते. २०१३ साली त्यात दुरुस्ती झाली आणि छळणारा हा शाळेचा कर्मचारीही असू शकतो हे कायद्यानं मान्य केलं. लिऑनला कायद्यात जागा मिळायला ३९ वर्षं लागली! आपल्या महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यात तक्रारीकडं दुर्लक्ष करणाऱ्या संस्थाप्रमुखाला गुन्ह्याचा साथीदार मानलं आहे, तेही याच विचारानं. आणि विद्यार्थ्यांचं उदाहरण घ्यायचं तर २००७ साली कॅनडाच्या नोव्हा स्कोशियात घ्या. गुलाबी शर्ट घातला म्हणून एका नवख्या मुलाला त्रास दिला गेला. बारावीतल्या दोघांनी स्वस्तातले गुलाबी शर्ट आणून शाळेत वाटले. दुसऱ्या दिवशी गुलाबी रंगाचा एकटा मुलगा शोधून सापडेना. ती शाळा कॅथलिक नव्हती, तिथं कुणी प्रवचनही दिलं नाही. पण गूबरला जे जमलं नाही ते त्या दोघांनी केलं. साथ अंगावर घातली, सगळ्यांना दिसेल अशी.

तरी एक सावधगिरी. आज अनेक शाळांत गुलाबी शर्टाचा दिवसही वरून ठरवला जातो. परिपत्रक निघतं, फोटो निघतात, कुणी घातला नाही त्याची नोंद होते. असं झालं की ती पुन्हा लिऑनची हजेरीच. ओळखायची खूण सोपी आहे. ज्या मुलानं त्या दिवशी शर्ट घातला नाही, त्याला त्या शाळेत सुखानं मधली सुट्टी काढता येते का? येत असेल तर तो समुदाय. नसेल तर शर्टाचा रंग कुठलाही असो, चॉकलेटचे डबेच वाटले जात आहेत.

इथं थांबतो. समोर शिक्षक बरेच दिसताहेत, तेव्हा प्रश्नांची सुरुवात त्यांच्यापासून करू.